आखाजीची रजा

सणांचा इतिहास लिहिणारे आपल्याकडे दोन प्रकारचे आढळतात. एक वर्ग पुराणांतील कथा सांगून थांबतो. दुसरा त्या कथेच्या मागें जाऊन एखादी आदिम देवता, एखादा सूर्याचा किंवा धान्याचा विधि शोधून काढतो आणि मूळ सांपडलें म्हणून समाधान पावतो. दोघांचाहि उद्योग विद्वत्तेचा आहे. परंतु सणाच्या दिवशीं ज्या घरांत चूल पेटते त्या घरापुढचा प्रश्न निराळाच असतो: आज कोण येणार, कोणाला यावयास मिळालें, आणि कोणाला मिळालें नाहीं? सण म्हणजे प्रथमतः रजा होय. ती रजा कोणाला मिळे, कोण देई, किती दिवसांची देई, आणि देणाराला ती कां परवडे, या चार प्रश्नांचीं उत्तरें शोधीत गेल्यास सणाचा जो इतिहास हातीं लागतो तो पुराणकथेहून कमी मनोरंजक नाहीं, आणि माझ्या मतें अधिक खरा आहे. प्रस्तुत लेखांत खानदेशच्या आखाजीचा असा इतिहास मांडण्याचा विचार आहे. तुलनेसाठीं ख्रिस्ती जगांतील ईस्टरचा हंगाम शेजारीं घेतला आहे.

ही तुलना ओढूनताणून आणलेली नव्हे. भुसावळ हें आगगाडी येईपर्यंत एक लहान गांव होतें. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग तेथवर पोंचला, १८६७ मध्यें तेथून नागपूरकडे व १८७० मध्यें जबलपूरकडे जाणारा रस्ता खुला झाला, आणि पाहतां पाहतां तेथें रेल्वेचें मोठें ठाणें झालें. त्याबरोबर अँग्लो-इंडियन व गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबें आलीं, आणि त्यांच्या घरीं ईस्टरचा रविवार आला. तिकडे पश्चिम खानदेशांत विसाव्या शतकाच्या आरंभीं स्कँडिनेव्हियन मिशनऱ्यांनीं काम सुरू केलें. आज नवापूर-नंदुरबारकडील आदिवासी ख्रिस्ती कुटुंबांतहि हा सण पाळला जातो. आणि भुसावळजवळ वीजकेंद्राच्या आश्रयानें वसलेल्या दीपनगरांत तर एकाच जिन्यावरच्या समोरासमोरच्या दारांत, दहा-पंधरा दिवसांच्या अंतरानें, एका घरीं ईस्टरचे व दुसऱ्या घरीं आखाजीचे पाहुणे उतरतांना दिसतात.

या अंतराचेंहि एक गणित आहे. ईस्टरचा दिवस चंद्रावर अवलंबून असतो, ही गोष्ट आमच्या इंग्रजी शिकलेल्या मंडळींच्या देखील पुष्कळदां ध्यानांत नसते. इ. स. ३२५ मध्यें नायसिया येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें हा सण सर्वांनीं एकाच रविवारीं पाळावा असें ठरविलें; आणि पुढें जो नियम रूढ झाला तो स्थूलमानानें असा कीं, २१ मार्च रोजीं किंवा त्यानंतर जी पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार तो ईस्टर. म्हणून पाश्चात्य चर्चचा ईस्टर २२ मार्च व २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हांहि येतो. आखाजी म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया. अर्थात् चैत्री पौर्णिमेनंतर सुमारें अठरा दिवसांनीं येणारी. ईस्टरची पौर्णिमा ती चैत्री पौर्णिमाच असेल तर दोन्ही सण एकाच चंद्रावरून मोजले जातात: २०२५ मध्यें ईस्टर २० एप्रिलला आणि आखाजी ३० एप्रिलला होती, २०२६ चे दिवस अनुक्रमें ५ व १९ एप्रिल. ईस्टरची पौर्णिमा होळीची निघाली, जशी २०२४ मध्यें निघाली, तर मात्र अंतर वाढतें. त्या वर्षीं ईस्टर ३१ मार्चला आणि आखाजी १० मेला आली.

पण केवळ दिवस जवळ आले म्हणून दोन सणांचें नातें सिद्ध होत नाहीं. तें रजेंत आहे. ईस्टरच्या पूर्वीं चाळीस दिवसांचा उपवासकाळ असतो. त्याच्या मध्यावरील रविवारीं इंग्लंडच्या कांहीं भागांत एक चाल होती; त्या दिवसाला ते लोक 'मदरिंग संडे' म्हणत. आपण त्यास आईचा रविवार म्हणूं. १६४४ मध्यें रिचर्ड सायमंड्स नांवाच्या एका गृहस्थानें वूस्टर गांवीं पाहिलेली गोष्ट आपल्या रोजनिशींत टिपून ठेविली आहे: त्या दिवशीं घरचीं सारीं मुलें व धर्मपुत्र कुलांतील वडील मनुष्याच्या घरीं जमतात आणि एकत्र जेवतात. त्या काळीं इंग्रज गरिबांचीं मुलें दहा-बारा वर्षांचीं झालीं न झालीं तोंच दुसऱ्याच्या घरीं चाकरीला किंवा एखाद्या कारागिराच्या हाताखालीं उमेदवारीला जात. त्यांना घरीं जाऊन येण्याचा हा दिवस होय, असाच पुढें त्याचा लौकिक झाला. मुलें वाटेंत रानफुलें वेंचीत, तीं आईसाठीं नेत. कोठें कोठें मालकीणबाई मोलकरणीच्या हातीं एक गोड रोटहि देई. एकोणिसाव्या शतकांत ही चाल क्षीण होत गेली. कॉन्स्टन्स पेन्सविक स्मिथ या बाईनें १९१३ पासून तिच्या पुनरुज्जीवनाची खटपट आरंभिली, १९२१ मध्यें त्यासाठीं पुस्तकहि लिहिलें, आणि तो दिवस पुन्हा पाळला जाऊं लागला. परंतु आतां त्या दिवशीं आईकडे येतो तो कोणाच्या चाकरींतून सुटून आलेला बारा वर्षांचा पोर नव्हे. फूल तेंच राहिलें. रजेचा अर्थ पालटला. चाकरी गेली ही गोष्ट अर्थातच आनंदाची आहे. पण त्या फुलाचा इतिहास त्या चाकरीवांचून कळत नाहीं.

आतां खानदेशाकडे वळूं. पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या जिला येऊन मिळतात त्या तापीचा हा प्रदेश. १९०६ मध्यें त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. तेच पुढें जळगांव आणि धुळें या नांवांनीं ओळखले जाऊं लागले, आणि १९९८ मध्यें धुळ्यांतून नंदुरबार निराळा निघाला. जमीन बहुतांशीं काळी. पावसाळी पिकांत ज्वारी, बाजरी व कापूस, हिंवाळी पिकांत दादर, गहूं, हरभरा. १८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हांपासून तर कपाशीनें या जिल्ह्यांचें सारें वर्षच आपल्या हातीं घेतलें. या शेतीचें वेळापत्रक पाहिलें म्हणजे आखाजीचें मर्म उघड होतें. फाल्गुनांत दादर व गहूं कापला जातो, चैत्रांत खळीं उरकतात, पऱ्हाट्या उपटून रानें मोकळीं होतात. पुढें मृगाचा पाऊस पडेपर्यंत पेरणी नाहीं. मशागत व खतपाणी असतें, पण तें आज न होतां चार दिवसांनीं झालें तरी चालतें. वर्षांत अशी सवड दुसरी नाहीं. तेव्हां मालकाला रजा देणें परवडे तें त्याच्या मनाच्या मोठेपणामुळें नव्हे. वैशाखांत अडून राहणारें काम नसे म्हणून.

या सवडीवर खानदेशानें आपलें सारें मजुरीचें वर्ष टांगलें. येथें सालदाराचें साल आखाजीला संपतें आणि आखाजीलाच लागतें. जुना हिशेब व्हावा, उचल किती घेतली आणि किती फिटली तें पाहावें, धान्य किती व रोकड किती याची नवी बोली व्हावी, आणि मग गडी पुन्हा त्याच मालकाकडे किंवा दुसऱ्याकडे रुजू व्हावा, अशी ही रीत. जुनें साल संपलें आहे आणि नवें अजून लागलें नाहीं, अशा त्या दोन-चार दिवसांत तो कोणाचाच नसे. आखाजीला खानदेशांत गांवोगांव पत्त्यांचे डाव उघड्यावर बसतात, आणि या प्रथेवर सुधारकांनीं व पोलिसांनीं सारखाच राग धरलेला आहे. तो राग अन्यायाचा आहे असें मी म्हणत नाहीं. पुष्कळांच्या हातचा पैसा घरीं पोंचण्यापूर्वींच त्या डावांत जातो. पण ज्याच्या हातीं वर्षांतून एकदांच रोकड आणि मोकळीक एकत्र पडे, त्याला तो दिवस इतका बेभान कां करी, हें समजण्यास त्याच्या उरलेल्या तीनशें साठ दिवसांकडे पाहावें लागतें.

सालदाराला निदान बोली तरी होती. त्याच वाड्यांत दुसरी एक राबणारी होती तिला बोली नव्हती. पहाटे जात्यावर बसणें, पाणी भरणें, गुरांचें शेण काढणें, भाकरी थापणें, शेतांत न्याहारी नेणें आणि दिवस मावळेपर्यंत तेथेंच राबणें हें सुनेचें काम. सालदाराचें साल संपे; सुनेचें संपत नसे. तिला मोठी रजा मिळे ती वर्षांतून दोनदां, दिवाळीला व आखाजीला. त्यांतून दिवाळीच्या सुमारास खळ्यांत पीक असे आणि कपाशीच्या वेंचणीचे दिवस येत, म्हणून ती रजा आंखूड. आखाजीची लांब. भाऊ मुऱ्हाळी होऊन गाडी घेऊन येई, आणि सासूच्या मनांत असेल तर बहीण त्या गाडींत बसे.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. लेकी जर सर्वच घरांच्या माहेरीं जावयाच्या, तर सुनाहि सर्वच घरांतून बाहेर पडावयाच्या. म्हणजे आखाजीला खानदेशांतील घरें आपल्या सुना पाठवून देत आणि आपल्या लेकी परत आणीत. सारा प्रांत आपल्या तरुण स्त्रियांची अदलाबदल करी. त्यामुळें एक चमत्कार होई. जी वर्षभर सासू असे तीच त्या पंधरा दिवसांपुरती आई होई. जी नणंद परक्या घरीं धाकांत असे ती येथें लाडकी होऊन झोका घेई. माणसें तींच, नातें बदलल्याबरोबर त्यांचा स्वभावहि बदले. एकाद्या थोरल्या सुनेला मागें राहून चूल संभाळावी लागे हें खरें, पण व्यवस्थेचा कल असा होता कीं, एकीच्या रजेचा बोजा शक्य तों दुसरीवर पडूं नये.

या रजेचें महत्त्व कळावयास त्या सुनेचें वय डोळ्यांपुढें आणलें पाहिजे. अक्षय्य तृतीया हा साडेतीन मुहूर्तांत गणला जाणारा दिवस. त्या मुहूर्तावर लग्नें लागत, आणि त्यांतील कित्येक नवऱ्या आज ज्यांना आपण पांचवी-सहावीच्या वर्गांत बसवितों त्या वयाच्या असत. हरविलास सारडा यांच्या खटपटीनें १९२९ मध्यें झालेल्या कायद्यानें मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा ठरविलें, तेव्हां तें देखील पुष्कळांस फार वाटलें. १९७८ मध्यें तें अठरा झालें, २००६ मध्यें बालविवाहास प्रतिबंध करणारा नवा कायदा आला. आणि तरीहि अक्षय्य तृतीया जवळ आली कीं जिल्ह्याजिल्ह्यांतील अधिकाऱ्यांना बालविवाहांवर नजर ठेवण्याच्या सूचना अद्यापि निघतात. म्हणजे हा एकच दिवस मुलीला सासरीं पाठविणाराहि होता आणि सासरहून परत आणणाराहि होता. आखाजीचे झोके, फेर, टिपऱ्या यांकडे आपण आज 'लोककला' म्हणून पाहतों. वस्तुतः तें खेळण्याचें वय असतां जिचा खेळ मोडला गेला तिला वर्षांतून कांहीं दिवस परत दिलेलें बालपण होतें. निंबाच्या झाडाला दोर बांधून झोका घेणारी ती स्त्री म्हणजे बहुधा एक लहान मुलगीच असे.

या सणाची देवताहि माहेरवाशीणच आहे. चैत्रांत घरोघर गौर बसते. खानदेशांत तिला गौराई म्हणतात. ती माहेरीं आली आहे असें समजून मुली तिचें कौतुक करतात, गाणीं म्हणतात, आणि आखाजीच्या सुमारास तिला निरोप देतात. त्याच दिवशीं पितरांसाठीं कोऱ्या मातीच्या घागरी पाण्यानें भरून मांडतात, त्यांवर डांगर किंवा आंबा ठेवतात, आणि पुरणपोळी व आमरस यांचा नैवेद्य दाखवितात. खापरावरची ती मोठी, हातावर वाढविलेली पोळी ज्यानें खाल्ली आहे त्याला तिचें वर्णन नको, आणि ज्यानें खाल्ली नाहीं त्याला तें पुरे पडणार नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, या कल्पनेंत मृतांना देखील त्या दिवशीं घरीं येण्याची मोकळीक आहे. गडी, लेक, देवता आणि पूर्वज या चौघांनाहि एकाच दिवशीं रजा देणारा सण दुसरा क्वचितच सांपडेल.

आतां मुलांच्या हातच्या वस्तूंविषयीं. ईस्टर म्हटला कीं रंगविलेलें अंडें डोळ्यांपुढें येतें. त्याचा अर्थ नव्या जन्माचा आहे असें धर्मोपदेशक सांगतात, आणि तो खोटा नाहीं. परंतु मूळ कारण अधिक घरगुती असावें. उपवासाच्या चाळीस दिवसांत मध्ययुगीन चर्चनें अंडीं वर्ज्य केलीं होतीं. कोंबड्यांना मात्र कोणी उपवास सांगितला नव्हता. वसंतांत अंडीं सांचत. सण येतांच तीं खावयाचीं, वाटावयाचीं, रंगवून मुलांच्या हातीं द्यावयाचीं. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या १२९० च्या खर्चांत ४५० अंड्यांसाठीं १८ पेन्स पडल्याची नोंद आहे. तीं सोनेरी वर्खानें मढवून व रंगवून राजवाड्यांतील मंडळींना वाटलीं गेलीं. आज जर्मन व अमेरिकन मुलांचा आवडता जो अंडीं आणणारा ससा, त्याचा उल्लेख १६८२ मध्यें एका जर्मन वैद्यानें ईस्टरच्या अंड्यांवर लिहिलेल्या लॅटिन प्रबंधांत आला आहे. राजाचा वर्ख असो कीं शेतकऱ्याच्या घरचा कांद्याच्या सालींचा रंग असो, तत्त्व एकच: त्या हंगामांत घरांत जें उरलें असेल त्याचें मुलें खेळणें करतात.

खानदेशांत वैशाखांत अंडीं सांचत नाहींत, बिया सांचतात. नदीच्या वाळवंटांत पिकलेलीं डांगरें व टरबुजें घरीं येतात, त्यांच्या बिया धुऊन उन्हांत पसरल्या जातात. भुईमुगाच्या शेंगा असतात. नदीकाठची माती असते. मुली त्यांच्या माळा ओवतात, त्या गौराईला घालतात. लहान भाऊ मातीचे बैल आणि गाडी करतो. हीच बोटें पुढें भाद्रपदांत भुलाबाईच्या मूर्ति सजवितात. यांत कोणी शिक्षक नसतो. आतेबहीण मामेबहिणीला दाखविते, ती धाकटीला. आणि पुढच्या वर्षीं प्रत्येक जण आपल्या गांवची एखादी नवी गांठ किंवा नवें गाणें घेऊन येते. पुस्तकें नव्हतीं तेव्हां एका गांवची कला दुसऱ्या गांवीं गेली ती बहुधा अशा भावंडांच्या हातून.

भावंडांनीं असें काय काय वाहून नेलें याचा एक दाखला साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. बहिणाबाई चौधरी या १८८० मध्यें आसोद्यास जन्मल्या. तेराव्या वर्षीं त्यांचें लग्न होऊन त्या जळगांवास आल्या. आसोदें व जळगांव यांमधील अंतर पायीं जाण्याइतकें. पण त्या काळच्या सुनेला अंतर कोसांनीं मोजावयाचें नसे, रजेनें मोजावयाचें असे. लिहिणें-वाचणें त्यांना येत नव्हतें. कामें करतां करतां त्या गाणीं रचीत, आणि त्यांत आखाजीवरहि एक गाणें आहे. हीं गाणीं टिपून ठेविलीं तीं त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसबंधु पितांबर चौधरी यांनीं. १९५१ मध्यें बहिणाबाई वारल्या. १९५२ मध्यें आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. मुलानें आईचे शब्द जपावे यांत नवल नाहीं. पण मावशीचीं गाणीं भाच्याला कागदावर उतरून घेण्याजोगीं वाटलीं, हा मराठी वाङ्मयावर मावसनात्यानें केलेला मोठाच उपकार होय. नातलगांचें येणेंजाणें म्हणजे केवळ खाणेंपिणें अशी ज्यांची समजूत आहे त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या जुन्या रजेवर दोन नव्या शक्तींचा परिणाम होऊं लागला. पहिली आगगाडी. मुऱ्हाळ्याच्या बैलगाडीला जें अंतर दोन दिवसांचें तें तिनें काहीं तासांवर आणलें. त्यामुळें लेकी दूरदूर दिल्या जाऊं लागल्या आणि तरीहि परत येऊं शकल्या. दुसरी शाळा. सरकारी शिक्षणखात्याच्या शाळांतून उन्हाळ्याची लांब सुटी रूढ झाली आणि ती आखाजीच्या हंगामांतच पडली. परिणाम असा झाला कीं, जो सण लेकीच्या रजेचा होता तो हळूहळू लेकीच्या मुलांच्या सुटीचा झाला. पूर्वीं आई माहेरीं येई आणि तिच्याबरोबर मुलें येत. आतां मुलांना सुटी लागते आणि त्यांच्याबरोबर आई येते. मामाच्या गांवाचें जें गोड चित्र आपल्या बालवाङ्मयांत रंगलेलें आहे तें या शाळेच्या व या आगगाडीच्या पोटचें आहे. त्या चित्रांत मामा आहे, आंबे आहेत, भाचे आहेत. आईची रजा त्यांतून केव्हां निसटली हें मात्र कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

याच्या पुढची पायरी दीपनगरांत पाहावयास मिळते. येथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९६८ मध्यें सुरू झाला. १९७९ व १९८२ मध्यें २१० मेगावॅटचे दोन संच आले, आणि पुढें ५०० मेगावॅटचे आणखी दोन. तो पहिला लहान संच आतां बंद झाला आहे. तापीच्या पाण्यावर आणि दुरून रेल्वेनें येणाऱ्या कोळशावर चालणाऱ्या या केंद्राला ना खरीप ना रब्बी. बॉयलर एकदां पेटला कीं तो तीन पाळ्यांत जागता ठेवावा लागतो. आणि गंमत अशी कीं, त्याची धांदल उन्हाळ्यांतच कळसाला पोंचते. घरोघर पाहुणे आलेले, पंखे व कूलर रात्रंदिवस फिरत असलेले, अशा वेळीं विजेची मागणी अत्यंत वाढते. ज्या वैशाखानें कुणब्याला सवड दिली, त्याच वैशाखानें वीजकामगाराची सवड काढून घेतली. प्रांताला आखाजी साजरी करतां यावी म्हणून दीपनगरांतील कांहीं माणसांना त्या दिवशीं जागें राहावें लागतें.

मी ज्या महाविद्यालयांत शिकवितों तेथें दीपनगरहून येणारीं मुलें-मुली आहेत. त्यांतील एकीनें आपल्या घरची आखाजी मला सांगितली. दोन आत्या आपल्या मुलांसह येतात. दोन खोल्यांत नऊ मुलें. वडील रात्रपाळी करून सकाळीं येतात आणि दुपारीं झोंपतात. त्यांना जाग येऊं नये म्हणून आई मुलांपुढें जुने पुठ्ठे, रंगीत कागद, खळ आणि कात्री टाकते, आणि सारी दुपार तीं मुलें कुजबुजत घरें, गाड्या, बाहुल्या करीत बसतात. कोणी गौराईचा मुकुट कापतें, कोणी केंद्राच्या उंच चिमण्या उभ्या करतें. पूर्वीं हंगामांत उरलेल्या बियांनीं मुलांच्या हाताला काम दिलें. येथें तें वडिलांच्या झोंपेनें दिलें. मला ही गोष्ट फार अर्थपूर्ण वाटली. कारण कोणतेंहि असो, घरच्या गरजेंतून जें उत्पन्न होतें तेंच मुलांच्या हाताला खरें शिकवितें.

पण त्याच मुलीला मीं विचारलें, "आणि तुझी आई माहेरीं केव्हां जाते?" तिला उत्तर शोधावें लागलें. नणंदा आल्या, भाचे आले, त्यांचें करण्यासाठीं ती घरींच हवी. आणि ते गेल्यावर मुलांच्या परीक्षेचा निकाल, नवीं पुस्तकें, पाऊस. मोठ्या घरांतून सुना बाहेर जात तेव्हां मागें सासू असे, अविवाहित मुली असत. दोन खोल्यांच्या घरांत सून तीच आणि गृहिणीहि तीच. ती गेली तर घरच बंद. अशा रीतीनें सुनांची ती जुनी अदलाबदल थांबली आहे. सासुरवासाचा जाच पूर्वींपेक्षां पुष्कळ कमी झाला, हें मान्य. लग्नाचें वय वाढलें, मुलगी शिकली, तिच्या हातीं दूरध्वनि आहे. परंतु जी रजा त्या जाचाच्या काळींहि तिच्या पदरीं होती ती या सुखाच्या काळांत तिच्या हातून गेली, हा हिशेब आपण कधीं मांडला आहे काय?

दीपनगरांतील दुसरी एक गोष्ट याला उत्तर म्हणून सांगण्यासारखी आहे. पाळीवर काम करणारे लोक आपापसांत पाळ्यांची अदलाबदल करतात. ईस्टरच्या रविवारीं ख्रिस्ती सोबत्याची पाळी हिंदू सोबती करतो. आखाजीला ख्रिस्ती सोबती त्याची परतफेड करतो. ईदला दोघेहि तिसऱ्यासाठीं उभे राहतात. हें कोणा वरिष्ठानें ठरविलेलें नसतें. पूर्वीं जी रजा ऋतु देत असे ती येथें शेजारी देतो. पुरुषांना जें कामावर सुचलें तें त्यांना घरीं सुचूं नये असें कांहीं नाहीं. खापरावरची पोळी बायकोला येते तशी नवऱ्याला येत नसेल. पण नऊ भाच्यांना आमरस-भात वाढून चार दिवस संभाळणें हें बॉयलर संभाळण्याहून अवघड खास नाहीं. आणि नणंदांनीं, ज्या स्वतः रजेवर आलेल्या असतात, भावजयीला दोन दिवस आधीं गाडींत बसवून दिलें, तर ती जुनी अदलाबदल नव्या घरांतहि साधेल.

आखाजी टिकली पाहिजे असें म्हणणारे लोक हल्लीं पुष्कळ भेटतात. ते झोक्यांच्या स्पर्धा भरवितात, गौराईच्या गाण्यांचे कार्यक्रम करतात, मुलांकडून मातीचीं खेळणीं करवून घेतात. हें सारें चांगलें आहे, आणि मुलांच्या हातांना तर तें हवेंच आहे. मात्र झोका हा सणाचा देह आहे. झोक्यावर बसावयास आलेली बाई हा त्याचा प्राण आहे. जिच्या घरीं आखाजीचे पाहुणे उतरले आहेत तिच्याकडे सणाच्या दुपारीं एकदां पाहावें, आणि यंदा माहेरीं जाण्याची पाळी कोणाची, हें पाहुणे परत जाण्यापूर्वीं ठरवून टाकावें.